सुरक्षा-शब्द क्रमांक ४९

मंगळवार, ९ फेब्रुवारी २०४४ रोजी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी सागरबंध जहाजदुरुस्ती गोदीतील ६१२ कर्णसंचांवर श्रवण-संरक्षण प्रणाली चालू करण्यात आली. नऊ वाजून एकवीस मिनिटांनी तिने पहिला शब्द गाळला. ज्याच्या कानासाठी तो गाळला गेला, तो मोठ्या क्रेनचा चालक मसूद सिद्दी त्या वेळी जमिनीपासून अडतीस मीटर उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसला होता.

खालून कोणीतरी विचारले, "वर कोण आहे आज?"

"दुसरा कोण असणार? तोच आपला..."

पुढे अर्ध्या सेकंदाची शांतता आली. मग हसण्याचा आवाज आला. हसणे गाळले गेले नव्हते.

कोणता शब्द गेला हे मसूदला कळले. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्या जागी दुसरा शब्द आलेला त्याला आठवत नव्हता. त्याने डाव्या तळहाताच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीकडे पाहिले. तिच्यावरचा हिरवा ठिपका हिरवाच होता. शब्द पोचला नाही, म्हणून तळहातही शांत होता. यंत्र सांगितल्याप्रमाणे चालत होते.

शब्द होता 'हबशी'. त्याचा मूळ अर्थ केवळ भौगोलिक आहे. समुद्रापलीकडील एका देशाला अरबी खलाशी 'हबश' म्हणत आणि तेथून आलेला माणूस तो हबशी. त्यांच्यापैकी काही जण या किनाऱ्यावर आरमाराचे सरदार झाले आणि त्यांच्या मुलखाला जुन्या कागदांत 'हबसाण' असे नाव पडले. त्या काळी हा शब्द सनदांवर लिहिला जाई आणि दरबारात मोठ्याने पुकारला जाई. पुढे सत्ता गेली. शब्द राहिला, पण त्यात केवळ कातडीचा रंग आणि केसांचा पोत उरला. नंतर त्याला खादाडपणा, अडाणीपणा आणि आडदांडपणाही चिकटवण्यात आला. शाळेत मसूदला हा शब्द बाकावर कोरलेला मिळाला होता. सनदेतला शब्द त्याने पाहिला नव्हता.

गोदीत या शब्दावरून दोन वर्षांत तीन तक्रारी झाल्या होत्या. त्यांपैकी एकही मसूदची नव्हती. एक तर व्यवस्थापनानेच स्वतःहून नोंदवली होती, कारण परदेशी जहाजमालक आता गोदी निवडण्यापूर्वी कामगारांना मिळणाऱ्या वागणुकीचा दाखला मागत. बोलणाऱ्याला शिक्षा करावी, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. कामगार संघटनेने ते फेटाळले. कोण काय बोलला हे यंत्राने ओळखायचे म्हटले, तर उद्या संपाची चर्चाही यंत्र ओळखेल, हा तिचा मुद्दा होता आणि तो चुकीचा नव्हता. अखेर तडजोड अशी झाली की यंत्राने बोलणाऱ्याला ओळखायचे नाही. त्याने केवळ ऐकणाऱ्याला जपायचे. हात वर करून मतदान झाले, तेव्हा मसूदनेही हात वर केला होता.

प्रणालीमागील तत्त्व समजण्यास सोपे आहे. शब्दाचा अर्थ कोशात न शोधता ऐकणाऱ्याच्या शरीरात मोजायचा. बोलणे मनाला लागले की तळहातातील घर्मग्रंथी एक ते तीन सेकंदांत जाग्या होतात. घाम डोळ्यांना दिसत नाही. परंतु कातडीतून वीज किंचित अधिक सहजतेने वाहू लागते आणि ही वाढ मायक्रोसीमेन्स या एककात मोजता येते. माणूस दचकला किंवा आनंदला तरी ती होते. म्हणून पट्टी त्याच वेळी नाडी आणि श्वासही पाहते, आणि कर्णसंच जबड्याच्या स्नायूंचा ताण पाहतो. या चार खुणांचा मेळ अपमानाच्या वेळी जसा बसतो तसा इतर वेळी बसत नाही, असे प्रयोगांत दिसून आले होते. एखाद्या शब्दाने दहा दिवसांत तीन वेळा अर्ध्या मायक्रोसीमेन्सची मर्यादा ओलांडली, की तो शब्द त्या माणसापुरता गाळणीत जाई. गोदीतील घणांच्या आणि वाळूच्या फवाऱ्यांच्या आवाजामुळे फाटकाच्या आत कर्णसंच काढण्यास तशीही मनाई होती. प्रत्येक वाक्य कानात शिरण्यापूर्वी तीन दशांश सेकंद रोखले जाई आणि त्यातला गाळायचा शब्द काढून त्या जागी शांतता ठेवली जाई. 'हबशी' मात्र चाचणीच्या दिवसांतच मसूदच्या गाळणीत जाऊन बसला होता.

कामगार या प्रणालीला 'गाळणी' म्हणू लागले.

*

दुपारी बारा वाजता दाजी कुबलचा आवाज आला. दाजी हा खलाशांचा मुकादम. गोदीत खलाशी म्हणजे जहाजावर जाणारा माणूस नव्हे. क्रेनखाली उभा राहून ओझे बांधणारा, उचलवणारा आणि उतरवणारा तो खलाशी. क्रेनचालकाला आपल्या ओझ्याचा तळ दिसत नाही. खलाशी सांगेल तसे तो दांडा हलवतो. 'हाबेस' म्हणजे वर घे, 'आरिया' म्हणजे खाली सोड. हे शब्द मालवणपासून मुंबईपर्यंतच्या सगळ्या बंदरांत चालतात, पण छापलेल्या पुस्तकात सहसा सापडत नाहीत.

"...," दाजी म्हणाला आणि पुढे, "जेवूक येतंस मां?"

मसूद शिडीने खाली उतरला. दाजी डबा घेऊन सावलीत बसला होता.

"हाक मारलीस तेव्हा नाव घेतलं होतंस का माझं?" मसूदने विचारले.

"नाव कशाक? रोज मारतंय तीच हाक मारली. हबशा, जेवूक ये." या वेळीही मसूदला ती हाक ऐकू आली नाही, दाजीचे ओठ हललेले तेवढे दिसले.

"गेला तो, दाजी. गाळला."

"माझो शब्द? मशिनीन माझो शब्द गिळल्यान?" दाजीने घास तसाच धरून ठेवला. "माझ्या तोंडातलो वेगळो नि त्या जयेशच्या तोंडातलो वेगळो. ह्यां तिका कळणा नाय?"

"बोलणारा कोण ते यंत्राला दिसत नाही. तुम्हीच ठरवलंत संघटनेत."

"आमी खंय ठरवलां? हात तू पण वर केलंस."

हे खरे होते. मसूद उमेदवारीसाठी गोदीत आला, त्या दिवसापासून दाजी त्याला त्या नावाने हाक मारत आला होता आणि मसूद दाजीला 'माशेखाऊ' म्हणत आला होता. एकवीस वर्षांत त्यावर दोघांमध्ये एकदाही चर्चा झाली नव्हती. दाजीच्या तोंडून तो शब्द आल्यावर पट्टीने काय दाखवले असते, हे आता मोजण्याचा मार्ग उरला नव्हता.

दाजीने पुढचे काही दिवस 'मसूद' म्हणून पाहिले. एकदा तो स्वतःच वैतागून म्हणाला, "माका मसूद म्हणूक जमणा नाय. बँकेतलो सायब हाक मारता तशी वाटता." त्यानंतर तो हाक मारण्याऐवजी क्रेनच्या पायावर पान्याने दोनदा ठोकू लागला.

*

गाळणी आल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत मसूद 'ढग' झाला. तो वर बसतो आणि काळा आहे, एवढेच त्यामागे होते. जयेश भोपी या खलाशाने पहिल्यांदा तो शब्द वापरला. जयेश वाईट कामगार नव्हता. क्रेनच्या त्या जागेवर त्याच्या चुलतभावाने अर्ज केला होता आणि परीक्षेत मसूदला अधिक गुण मिळाले होते.

"आज ढग भरून आलाय रं," जयेश म्हणे आणि भोवतालचे चार जण वर पाहत.

तीन वेळा पट्टीचा ठिपका तांबडा झाला आणि 'ढग' गेला. मग 'किल्ला' आला, कारण मसूदचे आजोळ मुरूडचे. तो नऊ दिवसांत गेला. 'किल्ला' गेल्यावर 'डांबर' आले. ते चार दिवस टिकले. शब्द कोणता हे महत्त्वाचे राहिले नव्हते. बोलण्यापूर्वीचा एक विशिष्ट विराम आणि नंतरचे हसणे यांच्यामध्ये जो शब्द बसवला जाई, तोच लागू पडे.

यंत्राची देखरेख करणाऱ्या अभियंता सुप्रिया बनकर दर पंधरवड्याला क्रेनच्या केबिनमध्ये येऊन पट्टीची तपासणी करत. तीस-बत्तीस वर्षांच्या, मोजके बोलणाऱ्या. एकदा त्यांनी पडद्यावरील आलेख मसूदसमोर धरला.

"दर वेळी नवा शब्द लवकर तापतो आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्याला तीन आठवडे लागले, याला चार दिवस."

"मला आता आधीच कळतं, मॅडम. शब्द यायच्या आधी."

"मग गाळून उपयोग होतो का?"

"होतो. शांतता आली की समजतं, कोणीतरी काहीतरी बोललं. ते ऐकायचं नाही आणि उत्तरही द्यायचं नाही. हात दांड्यावर स्थिर ठेवायचा. आता सवय झाली आहे."

बनकर मॅडमनी ते लिहून घेतले नाही. पुढे चौकशीत त्यांनी हे वाक्य आठवून सांगितले.

यंत्राने काही शब्द कधीही गाळू नयेत, यासाठी सुरक्षा-शब्दांची एक यादी प्रणालीत घातलेली होती. 'थांबा', 'खाली', 'वर', 'सावकाश', 'आग', 'बाजूला व्हा' असे एकूण अठ्ठेचाळीस शब्द तिच्यात होते. यादी गोदीच्या अधिकृत सुरक्षा-पुस्तिकेवरून केली होती. ती खलाशांना वाचून दाखवण्यात आली, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, कारण त्या यादीतले सगळे शब्द बरोबरच होते.

*

एप्रिलमधील एका सोमवारी दहाच्या चहाला मसूद उपाहारगृहात शिरला. जयेशने बाकावर हात आपटला आणि क्रेनखाली ओरडावे तसा ओरडला, "आरिया!"

हशा उठला. दुसऱ्या टेबलावरून आणखी एकाने साथ दिली, "आरिया, आरिया! सावकाश उतरवा रं, माल नाजूक आहे!"

अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही. वर बसला आहेस, खाली ये.

दाजी उठला. "ए मेल्यांनू, ह्यो माझ्या कामाचो शब्द आसा. ह्येका तोंडात घोळव नकात."

"दाजी, आम्ही कामाचंच बोलतोय," जयेश म्हणाला. "क्रेनवाला खाली आला, म्हणून आरिया म्हटलं. चुकलं काय?"

आधीच्या आठवड्यात हा शब्द असाच दोनदा आला होता. त्या दिवशी तो तिसरा होता. मसूदच्या तळहातावरचा ठिपका दहा वाजून सात मिनिटांनी तांबडा झाला. त्याने चहा संपवला, कप धुण्याच्या टोपलीत ठेवला आणि तो शिडी चढून वर गेला.

चहानंतरचे पहिले ओझे म्हणजे एका मालवाहू जहाजाचा पंखा. पितळी, नऊ टनांचा. सुक्या गोदीत तो जहाजाच्या शेपटाकडून काढून लाकडी ओंडक्यांवर ठेवायचा होता. मसूदने तो उचलला, बाजूला फिरवला आणि ओंडक्यांच्या वर हातभर अंतरावर आणून थांबवला. आता दाजीच्या सूचनेची वाट पाहायची होती.

कानात शांतता आली. थोड्या वेळाने पुन्हा आली. मग सलग तीनदा.

मसूदने हात दांड्यावर स्थिर ठेवला.

खाली पंखा पेलणाऱ्या एका स्लिंगच्या, म्हणजे तारेच्या दोराच्या, तारा एकेक करून तुटत होत्या. अशा वेळी ओझे ताबडतोब टेकवणे एवढा एकच उपाय असतो. दाजी पंख्याच्या पात्याला दोर लावून उभा होता आणि त्याच्या तोंडून, तेहतीस वर्षे अशा वेळी जो शब्द निघत आला तोच निघत होता. सहाव्या हाकेला स्लिंग सुटली. पंखा एका बाजूने खाली आला आणि दाजीचा डावा हात कोपरापासून पुढे पाते आणि ओंडका यांच्यात सापडला.

त्यानंतरची किंकाळी मसूदला पूर्ण ऐकू आली. किंकाळी कोणत्याच गाळणीत नव्हती.

*

चौकशी चार दिवस चालली आणि तिच्यात कोणी दोषी ठरले नाही. स्लिंग मुदतीत तपासलेली होती. गाळणीने नियमानुसार शब्द गाळला होता. सूचना न मिळाल्यास ओझे स्थिर ठेवावे असा नियम असल्यामुळे चालकानेही नियमच पाळला होता.

उपाय म्हणून आधी सूचना बदलून पाहण्यात आली. खलाशांनी 'आरिया'ऐवजी 'खाली' म्हणावे, असा आदेश निघाला. एका आठवड्याच्या पाहणीत असे आढळले की शांतपणे काम चालू असताना खलाशी 'खाली' म्हणतात आणि घाईच्या क्षणी 'आरिया'च म्हणतात. ज्या क्षणासाठी सूचना हवी, नेमक्या त्याच क्षणी नवा शब्द तोंडात येत नव्हता. शिवाय तिसऱ्याच दिवशी उपाहारगृहात मसूदला पाहून 'खाली, खाली' असा पुकारा झाला. 'खाली' हा सुरक्षा-शब्द असल्याने तो गाळताच येत नव्हता.

बनकर मॅडमनी मसूदला कार्यालयात बोलावले.

"दोन मार्ग आहेत, सिद्दी. 'आरिया' सुरक्षा-शब्दांत घालायचा. एकोणपन्नासावा. मग तो कोणाच्याही कानासाठी कधीच गाळला जाणार नाही. पण तुमच्या गाळणीत गेलेला शब्द तुमच्या लेखी संमतीशिवाय उघडता येत नाही. कायदा तसा आहे."

"आणि दुसरा?"

"तुम्ही क्रेनवरून भांडारात या. पगार आणि हुद्दा तोच. तुमच्या जागी दुसरा चालक येईल. त्याला तो शब्द कोणी तसा म्हणणार नाही, त्यामुळे प्रश्नच उरणार नाही."

"म्हणजे मी खाली आलो की शब्द आपोआप साफ होतो."

बनकर मॅडमनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "हो. तसंच."

"आणि संमती दिली, तर उपाहारगृहातसुद्धा तो ऐकू येणार?"

"सगळीकडे. जागा पाहून शब्द ओळखायला यंत्राला शिकवता येईल. पण त्यासाठी बोलणारा ओळखावा लागेल, आणि ते संघटनेला मान्य नाही. मी विचारून पाहिलं."

घरी गेल्यावर मसूदने ही गोष्ट पत्नीला, झैनबला सांगितली. ती रेवदंड्याच्या शाळेत गणित शिकवत असे. ती तपासायच्या उत्तरपत्रिका बाजूला ठेवून ऐकत राहिली.

"ते काय म्हणतात? खाली या, असंच ना?" तिने विचारले.

"हो."

"आणि साहेब काय म्हणतात?"

"खाली या."

"मग दोघांत फरक काय राहिला?" ती म्हणाली. "मला तुम्ही भांडारात असलेलं चालेल. शांत झोपाल. पण उद्या हलीमाने विचारलं, अब्बा क्रेनवरून का उतरले, तर मी काय सांगू ते आत्ताच ठरवून द्या."

हलीमा त्यांची मुलगी. तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला होती. दुसऱ्या दिवशी मसूद दाजीला भेटायला अलिबागच्या रुग्णालयात गेला. दाजीच्या हातात दोन सळ्या घातल्या होत्या.

"उघड म्हणून सांग," मसूदने काही विचारण्यापूर्वीच दाजी म्हणाला. "शब्द बंद ठेवलंस तर मी खाली उभो रवतलंय कसो?" मग आवाज उतरवून त्याने विचारले, "पण तुका चलतला? ते मेले बोलतले."

"चालेल."

"खरां सांगतंस?"

"चालवून घेईन, दाजी."

बुधवारी मसूदने संमतीपत्रावर सही केली. 'आरिया' हा सुरक्षा-शब्द क्रमांक ४९ म्हणून नोंदला गेला. त्या दिवसापासून गोदीत असा एक शब्द अस्तित्वात आला, जो शिवी म्हणून वापरता येत होता आणि ज्याला नियमाचे संपूर्ण संरक्षण होते. हे जयेशला दुपारपर्यंत कळले.

*

पुढील महिने मोजमापाच्या दृष्टीने उपयुक्त ठरले. एकच शब्द, एकच माणूस आणि दिवसातून पन्नास-साठ वेळा उच्चार. त्यांतले बहुतेक उच्चार कामाचे आणि काही दुसरे. मसूदला आरंभीचा क्षणभर दोन्ही सारखेच ऐकू येत. उपाहारगृहात 'आरिया' ऐकताच त्याचा उजवा हात टेबलावर पुढे सरके आणि तेथे नसलेला दांडा शोधे. यावरही हसू होई. केबिनमध्ये 'आरिया' ऐकताच हात अचूक हाले, पण मान किंचित खाली जाई, जशी ती उपाहारगृहात जात असे.

मे महिन्यात त्याच्या तळहाताची सरासरी नोंद १.९ मायक्रोसीमेन्स होती. जुलैत ती १.१ झाली. कोणताही आघात वारंवार आणि परिणामाशिवाय होत राहिला, तर शरीर त्याची दखल घेणे सोडून देते. शरीरशास्त्रात याला अनुकूलन म्हणतात. रुळाजवळ राहणाऱ्याला गाडीचा आवाज ऐकू येईनासा होतो, तसेच हे. परंतु घर्मग्रंथींना नेमका एकच शब्द विसरण्याची सोय नाही. ऑगस्टमध्ये हलीमा परीक्षेत तंत्रनिकेतनात पहिली आली. तिने अब्बांच्या हातावरची पट्टी स्वतःकडे वळवून पाहिली, कारण पट्टीवरचा ठिपका केवळ घाम मोजतो आणि आनंदालाही तांबडा होतो, हे तिला ठाऊक होते.

"हिरवीच आहे," ती म्हणाली.

"बिघडली असेल," मसूद म्हणाला. "छान झालं हं. पेढे आणतो."

पट्टी बिघडलेली नव्हती. झैनबने उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातली पुढची उत्तरपत्रिका घेतली.

सप्टेंबरमध्ये बनकर मॅडम आलेख घेऊन वर आल्या. रेघ जवळजवळ सपाट झाली होती.

"प्रणालीच्या व्याख्येप्रमाणे हा शब्द आता तुमच्यासाठी अपमान नाही," त्या म्हणाल्या. "बाकीच्या शब्दांचीही फेरचाचणी घेतली. तेही मर्यादेच्या आत आहेत. गाळणी उघडायला हरकत नाही."

"उघडा."

"सगळे?"

"ठेवून काय करायचं?"

बनकर मॅडमनी आलेख मिटवला. "अहवालात मला हे यश म्हणून लिहावं लागेल, सिद्दी. दुसरा रकानाच नाही."

"लिहा, मॅडम. आकडा खरा आहे."

दोन दिवसांनी दाजीने कामावर परतल्यावर खालून पूर्वीच्या नावाने हाक मारली आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आली. "येतो," मसूदने उत्तर दिले. एखाद्याने वेळ विचारावी आणि आपण ती सांगावी, तशा आवाजात. दाजीने ती हाक नंतर मारली नाही.

शब्द मात्र गोदीबाहेर पडला होता. उपाहारगृहाचा कंत्राटदार, ट्रकचालक आणि सुट्टीवर गावी जाणारे मजूर यांच्यातून तो पसरला. रेवदंड्याच्या नाक्यावर सावळ्या पर्यटकांना पाहून मुले 'आरिया' ओरडू लागली. त्यांच्यापैकी अनेकांना त्याचा क्रेनशी संबंध माहीत नव्हता. झैनबच्या वर्गात तो एका बाकावर कोरलेला सापडला.

*

नोव्हेंबरमध्ये तस्फाये हा तरुण प्रशिक्षणार्थी चालक म्हणून गोदीत आला. तो अदिस अबाबाचा, म्हणजे जुन्या 'हबश' देशातला होता आणि क्रेनचालनाची पदविका घेऊन आला होता. त्याने मसूदच्या शेजारी बसून सहा महिने काम शिकावे आणि मग दुसरी पाळी सांभाळावी, असे ठरले. त्याचा कर्णसंच मराठी बोलण्याचे अम्हारिक भाषांतर करत असे आणि त्याचे बोलणे मराठीत आणून देत असे. कोशात नसलेले शब्द मात्र जसेच्या तसे कानात पडत.

तस्फायेचा हात हलका होता. पहिल्याच आठवड्यात त्याने एक पाच टनी झडप ओंडक्यांवर अशी ठेवली की खाली दाजीने मान डोलावली.

"मसूदभाई," त्याने एका दुपारी विचारले. यंत्राने आणलेल्या मराठीत 'भाई' कोठून आले, हे मसूदला कळले नाही. "तो शब्द. आरिया. त्याचं भाषांतर येत नाही. त्याचा अर्थ काय?"

"ओझं खाली सोड."

"एवढाच?"

"एवढाच."

"मग मी फाटकातून आत येतो तेव्हा ते का म्हणतात? तेव्हा माझ्या हातात ओझं नसतं."

मसूदने आकडा तपासला, वाऱ्याचा वेग पाहिला. "नवीन माणसाला सराव व्हावा म्हणून," तो म्हणाला.

संध्याकाळी शिडीच्या पायथ्याशी दाजी वाट पाहत होता. त्याचा डावा हात आता पूर्ण वळत नसे. "पोर विचारी होतां. माका पण विचारल्यान. सांगलंस काय तेका?"

"नाही."

"सांग तेका. फाल्यां-परवां दुसऱ्याच्या तोंडातसून कळात, त्यापेक्षा तू सांग. तुका म्हायत आसा काय होता तां."

"मला आता काही होत नाही, दाजी."

"म्हणानच सांगतंय!"

"कळेल त्याला," मसूद म्हणाला. "आणि कळून काय करणार? तो शब्द गाळता येत नाही. माझी सही आहे त्यावर."

दाजी आणखी काहीतरी बोलणार होता. पण पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि माणसे फाटकाकडे निघाली.

सोमवार, २८ नोव्हेंबर २०४४ रोजी सकाळी दहाच्या चहाला मसूद आणि तस्फाये एकत्र उपाहारगृहात शिरले. जयेशने बाकावर हात आपटला. या वेळी ओरडणारे जयेशसह अकरा जण होते. त्यांतले सहा जण गेल्या महिन्यात भरती झालेले होते आणि मसूदला ते आदराने 'काका' म्हणत. तस्फाये दारातच थांबला. त्याने ओरडणाऱ्यांकडे पाहिले, मग मसूदकडे, मग मसूदच्या हाताच्या पाठीकडे आणि शेवटी स्वतःच्या हाताकडे. मसूदने दोघांसाठी चहा घेतला आणि एक कप त्याच्यापुढे ठेवला.

प्रणालीने त्या उच्चाराची दोन ऐकणाऱ्यांसाठी नोंद केली. तस्फाये : ३.१ मायक्रोसीमेन्स. मसूद सिद्दी : ०.०.